पन्नास वर्षांचा शॉकअप

मंडळी, आज विषय जरा वेगळा आहे. मोटरसायकलचा शॉकअप. हसू नका. चौतीस वर्षे शाळेत इतिहास आणि मराठी शिकवणाऱ्या माणसाला शॉकअपमधले काय कळणार, असे तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. मलाही काही कळत नव्हते. पण २०२४ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघे चिरंजीवांकडे कॅलिफोर्नियात चार महिने राहून आलो आणि तिथे या विषयावर घरात एवढी चर्चा झाली, की माझे एक ठाम मत तयार झाले. ते लिहून टाकल्याशिवाय चैन पडणार नाही.

चिरंजीवांच्या घराला दोन मोटारी मावतील एवढे गॅरेज आहे आणि त्यात एकही मोटार नाही. मोटारी बाहेर उन्हात. आत सावलीला, स्टँडवर, अर्धी उघडलेली एक मोटरसायकल. १९७६ सालची हस्क्वार्ना. हे स्वीडनचे नाव, मुळात बंदुका बनवणारा कारखाना. (गंमत म्हणजे हेच नाव लावलेल्या मोटरसायकली २०२० पासून आपल्या पुण्याजवळ चाकणला बनताहेत. मुलगा पुणे सोडून सातासमुद्रापार गेला आणि तिथे जाऊन हस्क्वार्नाच्या प्रेमात पडला!) ही गाडी रस्त्यावरची नव्हे. दिवा नाही, हॉर्न नाही, आरसा नाही. मोटोक्रॉसची आहे. म्हणजे मातीच्या, खड्ड्यांच्या, चढउतारांच्या वाटेवर गोल गोल शर्यत लावायची. मोठ्या शर्यतींत तेव्हा एकाच दिवसात चाळीस मिनिटांच्या आसपासच्या दोन फेऱ्या असत. उंचवटा आला की गाडी माणसासकट हवेत. खाली येताना काय होत असेल याचा विचार तुम्हीच करा.

तर आम्ही गेल्यावर पंधरा दिवसांनी एक खोके आले. चिरंजीवांनी ते लहान मूल उचलावे तसे उचलून आत नेले. आत कागदात गुंडाळलेल्या दोन ॲल्युमिनियमच्या नळ्या. अंगावर बाहेरून गोल गोल पाती, स्कूटरच्या इंजिनाला असतात तशी. सौ. म्हणाली, "पाण्याचा हीटर का रे?" मी किंमत विचारली. तो आधी बोलला नाही. मग आई आत गेल्यावर हळूच सांगितली. मी निवृत्त झालो तेव्हाच्या माझ्या महिन्याच्या पगाराची चौपट! स्प्रिंगसुद्धा नसलेल्या, जुन्या, वापरलेल्या दोन शॉकअपना!

मी आयुष्यातली बावीस वर्षे राजदूत चालवली आहे. तिच्या पुढच्या चाकाला आजच्यासारखे लांब टेलिस्कोपिक फोर्क नव्हते, चाकामागे वळसा घेऊन गेलेली एक जुन्या पद्धतीची रचना होती. पावसाळ्यानंतर शाळेच्या रस्त्यावरचे खड्डे मी मणक्याने मोजलेले आहेत. शॉकअप गेला की आमचा मेकॅनिक तेल बदलून, वॉशर टाकून परत देई. नवा घ्यायची वेळ फारच क्वचित आली. त्यामुळे माझी पहिली प्रतिक्रिया काय असणार ते ओळखता येईल.

पण मास्तरकीची सवय. रागावण्याआधी निदान प्रश्न विचारावेत. विचारत गेलो आणि एक छोटा इतिहासच उलगडला. तो थोडक्यात सांगतो, कारण त्याशिवाय पुढचे वादच कळणार नाहीत.

चाक किती वर-खाली होऊ शकते, याला ही मंडळी 'ट्रॅव्हल' म्हणतात. १९७३ पर्यंत मोटोक्रॉसच्या गाडीचे मागचे चाक सुमारे चार इंच हलत असे. त्यापुढे माणसाने गुडघे वापरायचे. जावा-येझदी आपल्याकडे सगळ्यांना माहीत. त्याच जावाची चेकोस्लोव्हाकियातली बहीण म्हणजे सीझेड, आणि बेल्जियमच्या जोएल रॉबेरने १९६४, १९६८ आणि १९६९ साली २५० सीसीचे जगज्जेतेपद सीझेडवर मिळवले, ते असल्याच चार इंचांवर. मग १९७३ मध्ये यामाहाने बेल्जियमचे अभियंता ल्युसियन टिलकेन्स यांची कल्पना घेतली. दोन बाजूंच्या दोन शॉकअपऐवजी सीटखाली एकच लांब शॉकअप. हाकन अँडरसन त्याच वर्षी त्या गाडीवर २५० सीसीचा विश्वविजेता झाला. बाकीच्यांची झोप उडाली.

आता बाकीच्यांनी काय करावे? त्यांच्याकडे दोनच शॉकअप. तेव्हा कोणाच्या तरी लक्षात आले, की शॉकअपचे खालचे टोक मागच्या चाकाजवळून काढून पुढे सरकवले तर तेवढ्याच शॉकअपमध्ये चाक जास्त हलते. मागचे चाक ज्यात बसते त्या भागाला आपले मेकॅनिक चिमटा म्हणतात. तो चिमटा दारासारखा समजा. कडेला धरले तर दार ढकलायला सोपे. बिजागरीजवळ धरून ढकलून पाहा, हात थोडासाच हलतो पण दाराची कड हातभर जाते, आणि जोर मात्र फार लागतो. झाले! १९७४ साली अमेरिकेत आणि युरोपात लोकांनी नव्याकोऱ्या गाड्या करवतीने कापल्या आणि वेल्डिंग करून शॉकअप पुढे बसवले. कारखान्यांनी मागाहून तेच केले.

पण जोर जास्त म्हणजे कष्ट जास्त. शॉकअपच्या आतले तेल बारीक भोकांतून ढकलले जाते, त्यातच धक्का जिरतो, आणि जिरलेला धक्का उष्णता होऊन तेलात उतरतो. तेल तापले की पातळ होते, फेसाळते. अर्धी शर्यत झाली की शॉकअप नावापुरता उरतो आणि गाडी घोड्यासारखी उधळू लागते. कारखान्यातून आलेले शॉकअप हे ओझे पेलायला बनवलेलेच नव्हते. इथे ही छोट्या दुकानांची, गॅरेजांची मंडळी पुढे आली. बॉब फॉक्स हा त्यातला एक. १९७४ मध्ये एका मित्राच्या गॅरेजमध्ये त्याने बिनस्प्रिंगचा शॉकअप बनवला, 'एअरशॉक्स'. स्प्रिंगचे काम दाबलेला वायू करतो.

हे मला चिरंजीवांनी सायकलच्या पंपावर दाखवले. पंपाच्या तोंडावर अंगठा ठेवा आणि दांडा दाबा. आधी सहज जातो, शेवटी दगड. म्हणजे लहान खड्ड्याला मऊ आणि मोठ्या उडीला कडक, एकाच नळीत. शिवाय लोखंडी स्प्रिंगचे वजन वाचले. बाहेरची पाती उष्णता सोडायला. केंट हॉवर्टन या खेळाडूने १९७६ ची अमेरिकेची ५०० सीसी राष्ट्रीय स्पर्धा जिंकली ती हस्क्वार्नावर, आणि मागे शॉकअप होते हेच. तिकडे स्वीडनमध्ये केंट ओलिनने १९७६ मध्येच आपली कंपनी काढली आणि १९७८ मध्ये रशियाच्या गेनाडी मोइसेयेवने ओलिन्सचे शॉकअप लावलेल्या केटीएमवर २५० सीसीचे जगज्जेतेपद घेतले.

आणि मग सगळा खेळ एकदम संपला. १९८० मध्ये कावासाकी, १९८१ मध्ये होंडा आणि सुझुकी, सगळ्यांनी मधोमध एकच शॉकअप आणि त्याला जोडलेल्या कड्यांची नवी रचना आणली. तोवर चाकाची हालचाल बारा इंचांपर्यंत पोचली होती. चार इंचांवरून बारा इंच, आठ वर्षांत! दोन शॉकअपच्या गाड्या पाहता पाहता भंगारात गेल्या आणि त्यांच्यासाठी बनवलेले हे खास भागही. म्हणून ते दुर्मिळ. थोडी वर्षे, थोडे कारागीर, थोडा माल, आणि त्यातलाही बराचसा वापरून तुटलेला.

एवढे ऐकल्यावर माझा राग निम्मा झाला. उरलेला निम्मा पुढे कामाला आला.

खोके आल्याची बातमी कशी कोण जाणे, पसरली. दुसऱ्या राज्यातून एका संग्राहकाचा फोन आला. मला विका, दीडपट देतो. हा गृहस्थ त्याच्या जुन्या गाड्या काचेमागे ठेवतो, चालवत नाही. चिरंजीव जेवताना म्हणाले, "बाबा, तुम्ही इतिहासाचे मास्तर. तुम्हीच सांगा. एवढी जुनी वस्तू मातीत घालून वापरावी की जपून ठेवावी?"

मी क्षणात सांगितले, विकून टाक. दीडपट पैसे येताहेत, वस्तूही जपली जाईल, आणि (हे बोललो नाही) पन्नाशीला आलेला मुलगा पन्नास वर्षांच्या नळ्यांवर बसून उड्या मारणार नाही.

आज मी माझे ते मत मागे घेतो. का, ते सांगतो.

दोन घरे सोडून एक वृद्ध गृहस्थ राहतात. माझ्याहून दोन वर्षांनी मोठे. तरुणपणी हौशी म्हणून कार्ल्सबादच्या मैदानात शर्यती लावलेल्या. ते मैदान त्या काळी फार प्रसिद्ध. १९७३ ते १९८६ अमेरिकेची ५०० सीसीची ग्रां प्री तिथे होत असे. जमीन खडकासारखी टणक. २००४ मध्ये ते बंद झाले आणि तिथे उद्योगांच्या इमारती आल्या. हे आजोबा रोज संध्याकाळी गॅरेजमध्ये येऊन खुर्ची टाकून बसत. माझे इंग्रजी आणि त्यांचे उच्चार यांचे सूत जमायला आठवडा लागला. ते म्हणाले, "ही गाडी कंपनीने जशी दिली तशी मी कधी कोणाला चालवताना पाहिलीच नाही. ज्याला जिंकायचं होतं तो घरी आणल्या रात्रीच शॉकअप बदलायचा."

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिले. म्हणजे बघा, आज जुन्या गाड्यांची जी पूजा चालते तिचा मंत्र एकच: ओरिजिनल. कारखान्यातून निघाली त्या दिवशी जशी होती तशी. प्रत्येक स्क्रू त्याच सालचा. रस्त्यावरच्या गाडीला हे ठीक असेल. पण शर्यतीची गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा अर्धीच झालेली असे. उरलेली अर्धी तिच्या मालकाने, गल्लीतल्या वेल्डरने, बॉब फॉक्ससारख्या गॅरेजवाल्याने पुरी केली. १९८१ ची मायको ४९० आजही जाणकार मोठ्या मोटोक्रॉस गाड्यांत पहिल्या रांगेत ठेवतात, पण तिचेसुद्धा मागचे मूळ शॉकअप लोक आधी काढून टाकत. मग आज ते शोधून परत लावायचे आणि 'हीच खरी मायको' म्हणायचे? कोणाची खरी? ज्याने चालवली त्याची तर नव्हे.

मी वर्गात शिवकाल शिकवताना मुलांना सांगत असे, किल्ला जसा बांधला तसा कोणी पाहिलेला नाही. पुढच्या प्रत्येक किल्लेदाराने तटाची दुरुस्ती केली, नवा बुरूज घातला. तो बुरूजही किल्लाच. हेच मी शॉकअपबद्दल म्हणतो. त्या काळातली सुधारणा हा त्या गाडीच्या इतिहासाचा भाग आहे आणि ती काढून टाकून गाडी 'शुद्ध' करणे ही इतिहासाची खाडाखोड आहे.

मग कपाटात ठेवायचे की वापरायचे? इथे मला आमच्या एका जुन्या शाळेतले कपाट आठवले. नाव सांगत नाही. ग्रंथालयात एक लाकडी कपाट कायम कुलूपबंद असे, 'मौल्यवान ग्रंथ' अशी चिठ्ठी लावलेले. पुस्तके खराब होतील म्हणून मुलांना नाहीत, शिक्षकांनाही नाहीत. किल्ली मुख्याध्यापकांकडे. एका वर्षी रंगकामासाठी कपाट हलवायला घेतले तर मागची फळी हातात आली. वाळवी. आतल्या पुस्तकांची पुठ्ठ्यांसकट माती झाली होती. नुसती रोज उघडमीट झाली असती तरी कोणाच्या तरी लक्षात आले असते.

शॉकअपचेही तेच, हे मी डोळ्यांनी पाहिले. आजोबांच्या देखरेखीखाली चिरंजीवांनी पहिली नळी उघडली. वर्षानुवर्षे कोणीतरी नीट गुंडाळून ठेवलेली. बाहेरून चकाचक. आत रबराची सीले बिस्किटासारखी कडक, हातात तुकडे. तेलाचा खाली काळा गाळ. दांडा जिथे सीलला चिकटून उभा होता, बरोबर तिथे गंजाचे ठिपके. वापरात असता तर दांड्यावर तेल फिरत राहिले असते. जपून ठेवल्यामुळे तो खराब झाला होता. काचेमागे आणखी तीस वर्षे राहिला असता तर बाहेरून तसाच चकाकला असता आणि आतून संपला असता, आणि कोणाला कळलेही नसते.

म्हणून माझे मत: वापरा. पण हे एवढ्यावर सोडले तर मी बेजबाबदार म्हातारा ठरेन.

त्या रात्री मला झोप लागली नाही. खरे सांगतो. स्प्रिंगच्या शॉकअपमधले तेल गळाले तरी स्प्रिंग उरते, गाडी नाचते पण उभी राहते. यात वायू गेला तर खाली काहीच नाही. आणि त्यावर माझा मुलगा. सौ.ला मी हे सांगितले नाही, पण तिने न सांगता ओळखले असावे, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतःच गॅरेजमध्ये जाऊन विचारून आली, "हे फुटलं तर काय होतं रे?"

इतिहासाचे प्रेम म्हणून कुजके सील वापरणे याला मी प्रेम म्हणत नाही. सील, रबरी कडी, तेल हे बदलायचेच भाग आहेत. १९७६ मध्येसुद्धा मालक ते बदलत होते. तेव्हा आजचे चांगले रबर घातले म्हणून कोणतेही पावित्र्य भंगत नाही. दांडा घासून त्यावर नवा हार्ड क्रोम चढवणेही मला मान्य. ॲल्युमिनियमची नळी आणि खालचा डोळा मात्र तपासूनच घ्यायचा. रंगाचे पातळ द्रव लावून पुसतात आणि वर पांढरी भुकटी फवारतात, केसाएवढी भेग असली तरी रंग बाहेर येतो. भेग निघाली तर विषय संपला. मग ते शॉकअप खुशाल कपाटात ठेवावेत आणि गाडीला नव्या बनावटीची जोडी लावावी. थायलंडपासून ब्रिटनपर्यंत आजही अशा जुन्या गाड्यांसाठी नवे शॉकअप बनतात आणि त्यात काही कमीपणा नाही. मी चिरंजीवांना स्वच्छ सांगितले, भेग निघाली आणि तरी तू बसलास तर मी पहिल्या विमानाने परत जाईन. तो हसला, पण त्याने तपासणी माझ्यासमोर केली. भेग निघाली नाही. मी दोन्ही नळ्या चष्मा लावून स्वतः पुन्हा पाहिल्या, पेपर तपासल्यासारख्या.

आता दुसऱ्या टोकाची मंडळी. ती म्हणतात, बाहेरची नळी जुनी ठेवा आणि आतले सगळे आजचे घाला. आजच्या झडपा, आजची रचना. कोणाला दिसते? गाडी दीडपट चांगली चालेल. चिरंजीवांचा एक मित्र हेच सांगत होता. मला हे पटत नाही. स्वतःच्या शेतात चालवायची असेल तर काय वाटेल ते करा. पण शर्यतीला उतरायचे आणि शेजारचा बिचारा खरोखरच्या जुन्या शॉकअपवर आहे, हे बरे नव्हे. तिकडे जुन्या मोटरसायकलींच्या शर्यती भरवणारी अहर्मा नावाची संस्था आहे. तिच्या सर्वांत जुन्या 'व्हिंटेज' वर्गात पुढे सात इंच आणि मागे चार इंच एवढीच हालचाल चालते. चिरंजीवांची १९७६ ची गाडी त्या वर्गातली नाही, तिच्यापुढच्या वर्गात बसते, पण नियमाचा हेतू मला आवडला. चालवणारा आपापल्या काळाच्या अडचणीतच राहील असा तो हेतू. बारा इंचांच्या आरामात बसून चार इंचांच्या काळाची शर्यत लावायची असेल तर आजचीच गाडी का घेत नाही? एअरशॉक्सचा दोष होता, की शर्यतीत तापले की वायूचा दाब वाढे आणि शेवटी शेवटी ते जास्तच कडक होत. मग तो दोषही अनुभवावा. हॉवर्टन त्यावरच जिंकला ना?

शिवाय एक व्यवहाराची गोष्ट. मागे चांगला शॉकअप लावला की काम संपत नाही, तिथून सुरू होते. मागचे चाक जास्त हलू लागले की चेन कधी सैल कधी ताठ, म्हणून ती ताणून धरायला वेगळी चकती हवी. मागची बाजू उंच झाली की गाडी नाकावर येते, म्हणून पुढचा फोर्क सुधारा. फोर्क कडक झाला की सगळा जोर चौकटीच्या मानेवर. १९७४ ते १९८० या काळात कारखाने आणि गॅरेजवाले एकामागून एक हेच कोडे सोडवत बसले होते, आणि चिरंजीव तेच कोडे शनिवार-रविवारी सोडवत होते. काचेमागच्या गाडीला हे कोडे पडतच नाही.

बनावटीबद्दल एक शब्द. हे भाग दुर्मिळ झाल्यामुळे त्यांच्या नकला बनतात. नक्कल बनवणे मला गैर वाटत नाही. उलट चांगली नक्कल मिळाली तर खऱ्याची झीज वाचते. पण नकलेवर जुने चिकटपत्र लावून, थोडी माती चोळून 'कपाटात सापडले' म्हणून विकणे ही सरळ चोरी आहे. आणि याला उपाय एकच दिसतो मला. लिहून ठेवा.

इथे माझा उपयोग झाला. दुकानातून एक जाड वही आणली आणि पहिल्या पानावर गाडीचा चौकट क्रमांक घातला. मग तारीखवार: कोणते सील काढले, कोणत्या मापाचे घातले, दांड्यावर क्रोम कोणत्या आठवड्यात चढवला, डाव्या नळीत तेल किती, उजव्या नळीत किती, दाब किती. काय मूळचे आहे आणि काय आपण घातले. जुने कडक झालेले सीलसुद्धा मी पाकिटात घालून वहीला चिकटवले. चिरंजीव म्हणाले, "बाबा, हे कोण बघणार आहे?" मी म्हटले, तुझ्यानंतर ज्याच्याकडे जाईल तो. तू ज्याच्याकडून घेतलेस त्याने चार ओळी लिहून ठेवल्या असत्या तर तुझे दोन महिने वाचले नसते का?

पैशांचा मुद्दा मी टाळलेला नाही. चौपट पगार मला आजही बोचतो. एवढ्या पैशात आमच्या गावच्या शाळेत किती काय झाले असते हा हिशेब मी मनात केला आणि चिरंजीवांना ऐकवलाही. तो शांतपणे म्हणाला, "तुम्ही निवृत्तीनंतर ग्रामोफोनच्या तबकड्या घेतल्या होत्या त्याचा हिशेब आईने कधी विचारला का?" विचारला होता, हे त्याला माहीत नाही. असो.

सप्टेंबरच्या सुरुवातीला आम्ही सॅन बर्नार्डिनोजवळच्या ग्लेन हेलन मैदानावर गेलो. शर्यत नव्हती, सराव होता. सौ. डोळ्यांवर हात ठेवून बसली होती आणि बोटांच्या फटीतून सगळे बघत होती. आजोबा तारेच्या कुंपणाला टेकून उभे. पहिल्या दोन चकरा छान झाल्या. खड्ड्यांवरून मागचे चाक शिवणयंत्राच्या सुईसारखे वर-खाली होत होते आणि चिरंजीव स्वतः जवळजवळ स्थिर. मला माझी राजदूत आठवली आणि जरा हेवाच वाटला. तिसऱ्या चकरेत गाडी मागून बसल्यासारखी दिसली. तो हात वर करून कडेला आला. डावी नळी वायू सोडत होती, कानाजवळ नेली तर बारीक सीऽऽ ऐकू येई. फुटले काही नव्हते. नवे सील एका बाजूला किंचित दुमडून बसले होते, घालताना झालेली चूक.

चिरंजीवांचा चेहरा पडला. आजोबा मात्र खूश. म्हणाले, "अगदी सत्त्याहत्तर सालासारखं! तेव्हाही माझा डावाच गळायचा."

त्या रात्री मी वहीत नोंद केली: 'डावे सील, तिसरी चकर, घालताना कडा दुमडली, पुन्हा घालणे.' आठवडाभराने आम्ही परत आलो. हिवाळ्यात त्याने सील पुन्हा घातले आणि त्यानंतर ते गळलेले नाही. संग्राहकाला त्याने नाही म्हणून कळवले.

परवा फोन आला. आजोबांनी वही वाचायला मागितली होती म्हणे, आणि पाच मिनिटांत परत आणून दिली. सुरुवातीची चार पाने मी इंग्रजीत लिहिली होती. पुढची अडतीस, लिहिण्याच्या भरात, मराठीत. आता ती इंग्रजीत उतरवायचे काम माझ्याकडे आले आहे. चिरंजीव रोज दोन पानांचे फोटो पाठवतात. चिमट्याला इंग्रजीत काय म्हणतात हे मला काल कळले.